लखनौ २०१६ ज्युनिअर हॉकी विश्वचषक : फायनल मोठी, की स्पेनची मॅच?

खडकीकर
काल चेन्नईत २०२५च्या ज्युनिअर हॉकी विश्वचषकात आपल्या पोरांनी अर्जेंटिनाला ४-२ हरवून ब्राँझ घेतलं. शेवटच्या अकरा मिनिटांत चार गोल! सगळ्यांचं अभिनंदन वगैरे झालंच. पण रात्री जेवताना भाच्याशी वाद झाला. तो म्हणतो, ज्युनिअर हॉकीत याहून थरारक काही झालेलंच नाही. मी म्हटलं, बाळा, तू २०१६ला चौथीत होतास.

आठवतंय का कुणाला? डिसेंबर २०१६, लखनौ. २००१ला होबार्टला अर्जेंटिनाला ६-१ धुऊन कप आणला होता, त्यानंतर पंधरा वर्षं काही नाही. २०१३ला दिल्लीत घरच्या मैदानावर दहावे आलो होतो. आणि लखनौला हरजीतच्या टीमनं सहाच्या सहा मॅच जिंकून कप घेतला.

माझं मत आधीच सांगतो. लोक फायनल फायनल करतात, पण कप जिंकला तो क्वार्टर फायनलला, स्पेनविरुद्ध. पूर्वार्धातच गोल खाल्लेला. ५७व्या मिनिटाला सिमरनजीतनं बरोबरी केली तेव्हा आमच्या घरात जो आरडाओरडा झाला, तो नंतर फायनललाही झाला नाही. तिथे हरलो असतो तर सेमी कुठली नि फायनल कुठली. तुम्हाला काय वाटतं? आणि मैदानात कुणी होतं का?

ड्रॅगफ्लिक
पहिला! आता वाचतो.

ड्रॅगफ्लिक
वाचलं. असहमत. ऑस्ट्रेलियाची सेमी. पुढे चर्चा बंद करावी ही नम्र विनंती.

पेठेतली
हरमनप्रीत कॅप्टन होता ना तेव्हा? फायनल २-० जिंकली होती बहुतेक. मला बेल्जियमच्या पोरांचे रडवेले चेहरे आठवतात फक्त.

चौकसबुद्धी
@पेठेतली, दोन्ही चूक, पण दोन्ही चुका समजण्यासारख्या आहेत. कॅप्टन हरजीत सिंग. हरमनप्रीत टीममध्ये होता, त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिक खेळून आलेला. आणि फायनल २-१. गुरजंतचा गोल आठव्या मिनिटाला, सिमरनजीतचा बाविसाव्या. बेल्जियमचा फाब्रिस व्हान बॉकरिक यानं सत्तराव्या मिनिटाला एक गोल फेडला, तोवर लोक नाचायला लागले होते. तुम्ही त्याच वेळी टीव्हीसमोरून उठलात, असा माझा अंदाज.

पेठेतली
उठले होते. कुकरची शिट्टी झाली होती. तुमच्या स्मरणशक्तीची दृष्ट काढायला हवी.

बॅकबेंचर_९८
सत्तराव्या मिनिटाला? हॉकी साठ मिनिटांची असते हो काका. पंधराचे चार क्वार्टर.

चौकसबुद्धी
आता असते. सीनियर हॉकीत तेव्हा चार क्वार्टर आलेही होते, पण लखनौचा ज्युनिअर वर्ल्डकप जुन्या पद्धतीनंच झाला. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ. म्हणूनच स्पेनविरुद्धचे गोल ५७ आणि ६६व्या मिनिटाला दिसतात. आजच्या हिशेबानं दुसरा गोल मॅच संपल्यावर सहा मिनिटांनी झालेला आहे.

ड्रॅगफ्लिक
म्हणजे आजच्या नियमानं १-१ आणि शूटआउट. खडकीकरांची आवडती मॅच नियमांनी वाचवली :)

गोमतीकाठचा
मी होतो मैदानात. धागा बघून राहवलं नाही, मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

तेव्हा नोकरीनिमित्त लखनौला होतो. बायको-मुलगी पुण्यात. मेजर ध्यानचंद स्टेडियम गोमतीनगरमध्ये, माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटं. पहिली मॅच कॅनडाशी, आपण ४-०. त्या दिवशी ऑफिसातून उशिरा निघालो आणि बाहेरूनच आवाज ऐकला. मग मात्र एकही सोडली नाही. इंग्लंडशी आधी गोल खाल्ला, मग पाच मारले आणि शेवटी ५-१ वरून ५-३ करून घेतलं. शेजारी बसलेले एक वयस्कर सरदारजी त्या शेवटच्या दोन गोलांवर इतके चिडले, जणू आपण हरलो होतो. दक्षिण आफ्रिकेशी २-१, ती मॅच कंटाळवाणी होती, खोटं कशाला बोलू.

आता त्या दिवसांचा दुसरा रंग. नोटाबंदीला महिना झाला होता. एटीएमसमोर रांगा, आणि रांग संपली की हातात दोन हजाराची गुलाबी नोट, जी कुणी सुट्टी करून देत नव्हतं. स्टेडियमच्या बाहेर एक चहावाला होता. थंडी अशी की हातमोजे काढवत नव्हते, आणि खिशात एकच गुलाबी नोट. तो म्हणाला, "मॅच के बाद दे दीजिएगा, भाईसाब." अनोळखी माणसाला उधार! स्पर्धा संपेपर्यंत माझे त्याच्याकडे चार चहा झाले.

स्पेनच्या मॅचला स्टेडियम गच्च नव्हतं, सेमीला झालं. त्यांचा गोल पडल्यावर आपल्या पोरांचं डोकं फिरल्यासारखं झालं होतं. जो तो एकटा बॉल घेऊन डी मध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) घुसायला बघत होता. कोच हरेंद्रसिंग बाहेरून ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते. मग सिमरनजीत, आणि शेवटी हरमनप्रीतचा पेनल्टी कॉर्नर. सरदारजींनी मला मिठी मारली ती इतकी घट्ट की चष्मा वाकला. तो चष्मा अजून कपाटात आहे.

तरीही खडकीकर, मी सेमीच्या बाजूनं. पंधरा तारखेला स्पेन आणि सोळाला लगेच ऑस्ट्रेलिया. चोवीस तासांत दोन मॅच, दोन्हीत आधी गोल खाऊन. सेमीत टॉम क्रेगनं पहिला मारला. मग गुरजंत आणि मनदीपनं २-१ केलं, आणि आता झालं म्हणेपर्यंत लॅकलन शार्पनं २-२. शूटआउटला माझ्या पायातलं बळ गेलं होतं, खाली बसलो. आपला गोली विकास दहियानं दोन अडवले. आपण चारही मारले, ४-२.

फायनलबद्दल पुन्हा कधीतरी. त्या रात्री नीट काही दिसलंच नाही, सगळे उभे होते.

पेठेतली
किती छान लिहिलंय! चहाचे पैसे दिलेत का?

गोमतीकाठचा
ते नंतर सांगतो.

सोमवारपेठ_एक्स्प्रेस
शूटआउट म्हणजे पेनल्टी स्ट्रोक ना? हॉकीत मला फक्त धनराज पिल्ले कळतो.

ड्रॅगफ्लिक
नाही. स्ट्रोक म्हणजे जागेवरून मारायचा. शूटआउटला खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन निघतो, समोर फक्त गोली, आणि हातात आठ सेकंद. गोली पुढे येतो, हा गरकन वळतो, तो आडवा पडतो. आठ सेकंदांत माणसाचं आयुष्य. म्हणून तर म्हणतो, सेमी.

धनराजबद्दल म्हणाल तर धागाकर्त्यांना विचारा, त्यांच्या खडकीचाच तो.

खडकीकर
आमच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतला. मोडक्या स्टिका दोरीनं बांधून खेळायची ती मुलं. आम्ही त्यातले नव्हे हं, आम्ही कुंपणावर बसून बॉल आणून देणारे.

बेळगावी_कुंदा
खडकी खडकी काय लावलंय. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकच्या सोनेरी टीममध्ये बेळगावचे बंडू पाटील होते. एवढं नोंदवून माझे दोन शब्द संपवतो.

चौकसबुद्धी
अवांतर नको म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचू नये. लखनौच्या विजयाची एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. १९७९पासून ही स्पर्धा आहे. पहिली पाकिस्ताननं जिंकली, मग जर्मनीनं रांगेनं चार, मग ऑस्ट्रेलिया, आपण, अर्जेंटिना, पुन्हा जर्मनी दोनदा. यातल्या एकाही टीमनं आपल्या देशात कप जिंकलेला नव्हता. लखनौला आपण पहिले.

बॅकबेंचर_९८
पण पाकिस्तान आलाच नव्हता त्या वेळी. रस्ता सोपा झाला.

चौकसबुद्धी
आला नव्हता हे खरं. त्याच्या जागी मलेशिया खेळला. पण रस्ता सोपा? २०१५च्या ज्युनिअर आशिया कपच्या फायनलमध्ये याच पोरांनी पाकिस्तानला ६-२ हरवलं होतं, त्यातले चार गोल एकट्या हरमनप्रीतचे. आला असता तर त्याला सोपं गेलं नसतं. मुंबईची लोकल रद्द झाली म्हणून तुम्ही ऑफिसला लवकर पोचता का?

ड्रॅगफ्लिक
हहपुवा (हसून हसून पुरे वाट). उपमा लागू होत नाही, तरी हसलो.

कोल्हापुरी_रस्सा
भावांनो, वाद कशाला घालताय. सहाच्या सहा मॅच जिंकल्या, तर सहाही भारी. आमच्याकडं मटण आणलं की नळी चांगली की चॉप चांगलं असं कोण विचारत नाही, ताटात पडंल ते खायचं.

खडकीकर
@रस्सा, नळीला पहिला नंबर, हे तुम्हालाही माहिती आहे. स्पेन म्हणजे नळी.

सातारी_कंदी
धाग्याच्या विषयाला थोडी बगल देते, माफ करा. मी जिथं जिथं या स्पर्धेचं वाचते तिथं एकच शोधते, आपल्याकडचं कोण आहे. लखनौच्या अठरा जणांत एकही महाराष्ट्राचा मुलगा नव्हता. पंजाब, हरियाणा, ओडिशा, मणिपूर, उत्तर प्रदेश, ग्वाल्हेरचा अरमान कुरेशी, सगळे होते. आपण मात्र टाळ्या वाजवायला.

पण मुलींचं बघा. २०२२ला दक्षिण आफ्रिकेत पोचेफस्ट्रूमला ज्युनिअर मुलींचा वर्ल्डकप झाला. त्या टीममध्ये आमच्या फलटण तालुक्यातली अक्षता ढेकळे होती, बचावफळीत. पुढच्या वर्षी जपानमध्ये मुलींनी कोरियाला २-१ हरवून पहिल्यांदा ज्युनिअर आशिया कप जिंकला, त्यात वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ. दोघी सातारा जिल्ह्यातल्या, त्यातली वैष्णवी परत फलटणचीच! एका तालुक्यात हॉकी इतकी कशी रुजली, यावर खरं तर वेगळा धागा निघायला हवा. या घरांत आधी कुणी हॉकी खेळलेलं नाही. शेतकरी घरं आहेत. शाळेच्या मैदानावर शिक्षकांनी स्टिक हातात दिली, पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली, आणि मग टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, काय असतं ते कळलं.

पोचेफस्ट्रूमच्या त्या मुलींनी जर्मनीला २-१ हरवलं होतं, कोरियाला ३-०. सेमीत नेदरलँड्स आणि ब्राँझच्या मॅचला इंग्लंड शूटआउटमध्ये, म्हणून चौथ्या. मुमताज खाननं आठ गोल मारले. यांच्यावर धागा निघाला होता का कुणी सांगेल?

पेठेतली
नव्हता निघाला. तू काढ, मी पहिला प्रतिसाद देते.

बॅकबेंचर_९८
मान्य. मुलींचं मलाही माहीत नव्हतं.

जुना_राईट_हाफ
मी कॉलेजात असताना जिल्ह्याकडून खेळलो आहे, तेवढ्या अधिकारानं लिहितो.

सातारी कंदी यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मैदानात आहे. मातीवरचा खेळ आणि टर्फवरचा खेळ हे दोन वेगळे खेळ आहेत. मातीवर बॉल उडतो, म्हणून तुम्ही तो स्टिकला चिकटवून ठेवायला शिकता. टर्फवर बॉल घसरतो, पळतो, म्हणून तो एका टचमध्ये सोडायला शिकावं लागतं. बाराव्या वर्षी टर्फ मिळालेला मुलगा आणि अठराव्या वर्षी मिळालेला, यांच्यात निवड चाचणीला पहिल्या दहा मिनिटांत फरक दिसतो. आम्ही टर्फवर पहिल्यांदा उतरलो त्या दिवशी आमचा सेंटर फॉरवर्ड बॉल थांबवायला गेला आणि बॉल त्याच्या पायाखालून थेट रेषेबाहेर. त्यानं मागे वळून आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच फसवलं. आता परिस्थिती बरी आहे, पिंपरीच्या नेहरूनगरला २०२१ची सीनियर राष्ट्रीय स्पर्धा झाली, बालेवाडी आहे, मुंबईत चर्चगेटचं मैदान आहे. पण तालुक्यातल्या मुलाला ते सगळं दूरच.

आता मूळ प्रश्न. तुम्ही सगळे गोल मोजताय. मी लखनौच्या टीमचं एक पाहिलं होतं, ते म्हणजे शेवटची वीस मिनिटं. आपल्या जुन्या टीम पहिल्या हाफला सुंदर खेळायच्या आणि साठाव्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. त्यातूनच 'शेवटच्या मिनिटाला गोल खाणारा भारत' ही म्हण झाली. लखनौला स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल शेवटच्या चौदा मिनिटांतले आहेत. म्हणजे खडकीकरांचा मुद्दा बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. त्या मॅचला पहिल्यांदा दिसलं की ही पोरं दमत नाहीत, समोरचे दमतात.

ड्रॅगफ्लिक
दमत नाहीत तर फायनलच्या सत्तराव्या मिनिटाला गोल कसा खाल्ला, राईट हाफ?

जुना_राईट_हाफ
दोन गोलांची आघाडी असताना खाल्लेला गोल हा दमण्याचा नसतो, मिठाई आठवण्याचा असतो.

सोमवारपेठ_एक्स्प्रेस
:)) हे आवडलं.

अर्धवटराव_जर्मनीहून
इथे मॅनहाइमला असतो. आमच्या गावात हॉकी क्लब आहे, मुलगा जातो. जर्मन लोकांना तुमच्या (आपल्या) वादाचं नवल वाटेल. पुरुषांचा ज्युनिअर वर्ल्डकप त्यांनी आठ वेळा जिंकलाय, हा चेन्नईचा धरून. फायनलला स्पेनशी १-१, मग शूटआउट. आणि क्लबात काल त्यावर बोलणं किती झालं? एक बिअर संपेपर्यंत. नंतर विषय हिवाळ्यातल्या इनडोअर सीझनचा.

लखनौला जर्मनीचा तिसरा नंबर आला होता, सेमीत बेल्जियमकडून शूटआउटमध्ये हरले. क्लबातला एक प्रशिक्षक मला म्हणाला होता, ज्युनिअरमध्ये कप कुणी घेतला यापेक्षा पाच वर्षांनी त्यातले किती जण उभे आहेत ते मोजा.

चौकसबुद्धी
मग मोजूच. लखनौचे अठरा. त्यातले टोकियो ऑलिम्पिकला गेलेले : हरमनप्रीत, मनदीप, गुरजंत, सिमरनजीत, सुमित, नीलकांत शर्मा, वरुण कुमार. सात. पॅरिसला पुन्हा हरमनप्रीत (आता कॅप्टन), मनदीप, गुरजंत, सुमित.

यात सिमरनजीतची गंमत ऐका. टोकियोला तो मूळ सोळांत नव्हताच, राखीव होता. करोनामुळे टीमचा आकडा वाढवला म्हणून तो आणि वरुण आत आले. आणि ब्राँझच्या मॅचला जर्मनीविरुद्ध ५-४ जिंकलो, त्यातले दोन गोल याचे. लखनौच्या क्वार्टर फायनलला बरोबरीचा गोल, फायनलला दुसरा गोल, टोकियोला दोन. मोठ्या मॅचला हा माणूस कुठूनतरी उगवतोच.

पेठेतली
एक्केचाळीस वर्षांनी ऑलिम्पिक पदक! त्या सकाळी माझे सासरे देवासमोर उभे राहून रडले होते. सिमरनजीतचं नाव तेव्हा लक्षात राहिलं नव्हतं, आता राहील.

अर्धवटराव_जर्मनीहून
सात म्हणजे फारच चांगलं. बेल्जियमचे व्हिक्टर वेग्नेझ, आर्थर डी स्लूव्हर हे लखनौला हरलेले, आणि टोकियोला त्यांच्या गळ्यात सोनं. तिथल्या सेमीत त्यांनी आपल्याला ५-२ हरवलं. हरलेल्यांनी व्याजासकट वसूल केलं.

गोमतीकाठचा
सात जणांचं झालं. उरलेल्या अकरांचं मला जास्त वाटतं. हरजीत. मोहालीजवळच्या कुराळीकडचा, वडील ट्रक चालवायचे. कप उचलताना त्याचा चेहरा मी लांबून का होईना पाहिलाय. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. आम्ही स्टँडमध्ये म्हणत होतो की हा पुढची दहा वर्षं मिडफील्ड सांभाळणार. सीनियर टीममध्ये जेमतेम काही मॅच खेळला आणि मग मनप्रीत, हार्दिक, विवेक सागर यांच्या गर्दीत जागाच उरली नाही. त्याच्या आयुष्यावर पंजाबीत सिनेमा निघाला, ऑलिम्पिक मात्र नाही. दहियाचंही तेच. सेमी ज्यानं वाचवली तो गोली, पण पुढे श्रीजेश होता, आणि श्रीजेशच्या मागे कृष्ण पाठक. पाठक लखनौला दहियाचा राखीव होता!

जुना_राईट_हाफ
एकवीस वर्षांखालच्या हॉकीत ही नेहमीची गोष्ट आहे. सतराव्या वर्षी जो उंच नि दणकट असतो तो चमकतो, बाकीचे एकविसाव्या वर्षी त्याला गाठतात. शिवाय सीनियरमध्ये जागा किती? मिडफील्डला चार-पाच. एक माणूस दहा वर्षं टिकला की त्याच्या मागची तीन माणसं संपतात. यात कुणी दोषी नसतं. म्हणूनच मला ज्युनिअर कप प्रिय आहे. अठरांपैकी निम्म्याहून जास्त मुलांच्या आयुष्यातली तीच सगळ्यात मोठी मॅच असते, आणि त्यांना ते तेव्हा माहीत नसतं.

कोल्हापुरी_रस्सा
राईट हाफ, सकाळ सकाळ डोळ्यात पाणी आणलंत.

बॅकबेंचर_९८
हरेंद्रसिंगांबद्दल कुणीच लिहिलं नाही?

चौकसबुद्धी
लिहायलाच हवं. २००५च्या रॉटरडॅमच्या ज्युनिअर टीमचे कोचही तेच होते. ब्राँझच्या मॅचला स्पेनकडून स्ट्रोकवर हरले, चौथे. अकरा वर्षं ते उरात धरून होते, हे त्यांनी स्वतः बोलून दाखवलंय. लखनौला शिट्टी वाजल्यावर ते रडत होते ते उगाच नाही. लखनौच्या आधी व्हॅलेन्सियाला चार देशांची स्पर्धा याच टीमनं जिंकली होती, म्हणजे जे झालं ते अचानक नव्हतं.

खडकीकर
बघा! रॉटरडॅमला स्पेन, लखनौलाही स्पेन. माझा मुद्दा आपोआप सिद्ध.

ड्रॅगफ्लिक
रॉटरडॅमचं तुम्हाला आत्ता चौकसबुद्धींनी सांगितल्यावर कळलं, खरं सांगा.

खडकीकर
तो भाग वेगळा.

सोमवारपेठ_एक्स्प्रेस
मला एक विचारायचंय. एवढं सगळं झालं तर मला तो कप आठवत कसा नाही? मी तर रोज पेपर वाचतो.

चौकसबुद्धी
कारण फायनल १८ डिसेंबरची. त्याच दिवशी चेन्नईच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध केएल राहुल १९९वर बाद झाला. आणि दुसऱ्या दिवशी करुण नायरनं नाबाद ३०३ केले, आपण ७ बाद ७५९. हॉकीच्या नशिबी एक दिवसाची हेडलाइन असते, यांना ती राहुलबरोबर वाटून घ्यावी लागली.

पेठेतली
१९९! ते आठवतं मला. बघा, एका हुकलेल्या धावेचं आठवतं आणि जिंकलेल्या कपाचं नाही.

सातारी_कंदी
मुलींचा धागा काढला आहे. सगळ्यांनी यावं. @गोमतीकाठचा, चहाचं काय झालं ते अजून सांगितलं नाहीत.

गोमतीकाठचा
फायनलच्या दिवशी दुपारी मुद्दाम सुटे मिळवले. शंभरच्या दोन नोटा आणि वर दहा-दहाच्या. गेलो तर टपरी बंद, बाकड्यावर ताडपत्री. मॅच संपल्यावर पुन्हा गेलो, बंदच. दुसऱ्या दिवशी बदलीच्या कामासाठी कानपूरला जावं लागलं, नंतर ती जागा सुटली ती सुटलीच. सेमीच्या रात्री तो मला म्हणाला होता, "फाइनल तो हम भी देखेंगे." आत कुठेतरी बसला असणार. चार चहा माझ्याकडे बाकी आहेत.

खडकीकर
फार सुंदर. आता इतक्या लोकांनी मनापासून लिहिलं म्हणून मलाही एक कबूल करायला हवं. ड्रॅगफ्लिकला आधीच संशय आलाय.

स्पेनची मॅच मी पाहिली नाही.

म्हणजे सुरुवात पाहिली. त्यांचा गोल पडला आणि आई म्हणाली, तू बसलास की असं होतं, जा बाहेर. आमच्याकडे हे १९८३पासून चालू आहे. मी जिन्यात जाऊन बसलो. पाऊण तास जिन्यात. मग एकदम घरातून, वरच्या मजल्यावरून, समोरच्या बिल्डिंगमधून तो आवाज. आत धावलो तर आईनं दार अडवलं, "अजून एक व्हायचाय, तू तिथंच बस." थोड्या वेळानं दुसरा आवाज. म्हणून म्हणतो, त्या मॅचसारखी मॅच नाही.

ड्रॅगफ्लिक
एक मिनिट. मग सेमी?

खडकीकर
जिन्यात.

ड्रॅगफ्लिक
फायनल??

खडकीकर
फायनलला शेजारचे काकाही जिन्यात होते. त्यांच्या घरी त्यांचं तसंच आहे. आम्ही दोघांनी मोबाइलवर स्कोअर बघितला, नेट जात-येत होतं.

पेठेतली
म्हणजे धागाकर्त्यानं त्या स्पर्धेतली एकही बाद फेरीची मॅच पाहिलेली नाही आणि आम्ही चार दिवस भांडतोय!

चौकसबुद्धी
माझी दृष्ट नका काढू आता, यांची काढा.

कोल्हापुरी_रस्सा
आणि परवा चेन्नईला ०-२ होतो तेव्हा कुठं होता?

खडकीकर
०-२ झाल्यावर भाचा काही बोलला नाही. फक्त दाराकडं बघितलं. मी चप्पल घातली.

बॅकबेंचर_९८
४९व्या मिनिटाला अंकित पालचा गोल झाला तेव्हा कितव्या पायरीवर होतात? सांगून ठेवा, लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला उपयोगी पडेल.

खडकीकर
पहिल्या मजल्याच्या वळणावर. मांजरही होतं.